घरटॅक्स अडीचपट आला: झोनमध्ये काय भांडायचं आणि सभागृहात काय

नागपुरातल्या नरसाळ्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. लेआउटमधला प्लॉट, खाली दोन खोल्या आणि किचन, वर मागाहून काढलेली एक खोली. यजमान बुटीबोरीला कंपनीत, सासऱ्यांना ईपीएसची (पीएफवाली) पेन्शन, सासूबाई खालच्याच एका खोलीत ब्लाउज शिवतात. सिलिंडर, लाइट बिल, शाळेची व्हॅन, तूरडाळ, सगळंच चढलं आहे. त्यात महापालिकेची फेरआकारणीची नोटीस आली आणि घरटॅक्स अडीचपट झाला. लेआउटमधले लोक म्हणतात, कोणीच भरू नका, मोर्चा काढू. ताई विचारतात की हा नवीन टॅक्स आला कुठून, भरायचा की नाही, आणि कमी होतो का?

मालमत्ता कराच्या हरकती चालवणं हेच माझं काम, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. मुदत त्याचीच चालू आहे.

कमी होतो. पण तुमच्या अडीचपटीत दोन वेगळ्या वाढी एकमेकींत मिसळल्या आहेत. एक दराची, म्हणजे तुमच्या भागाला चौरस मीटरमागे जो भाव लावला आणि त्यावर कराची जी टक्केवारी बसते ती. दुसरी तुमच्या घराच्या नोंदीची: किती चौरस मीटर, पक्कं की टिनाचं, किती जुनं, राहायला की धंद्याला, स्वतः राहता की भाड्याने दिलं. महापालिकेच्या झोन (विभागीय) ऑफिसातला अधिकारी पहिल्या गोष्टीला हात लावू शकत नाही, तो त्याचा अधिकारच नाही. दुसरी मात्र त्याला पुरावा दाखवला तर बदलावीच लागते. आपल्याकडे लोक झोनमध्ये जाऊन महागाईवर बोलतात आणि मोर्चात जाऊन स्वतःच्या पोर्चवर. दोन्हीकडून हात हलवत परत येतात.

हिशेब समजून घ्या, फार अवघड नाही. क्षेत्रफळाला महिन्याच्या भावाने गुणायचं, मग बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर यांचे गुणांक लावायचे, मग बारा महिने. हे झालं वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के कायद्यानेच वजा होतात. उरलं ते करयोग्य मूल्य, आणि टक्केवारी बसते त्याच्यावर. पुढचे आकडे फक्त समजण्यासाठी घेतो, तुमच्या भागाचे नव्हेत. समजा घर ८० चौरस मीटर, भाव महिन्याला २० रुपये, सगळे कर मिळून ३० टक्के. ८० गुणिले २० गुणिले १२ म्हणजे १९,२००. दहा टक्के गेले, १७,२८०. कर ५,१८४ रुपये.

आता सर्वेवाल्याने गाडी आणि कूलर ठेवायचं १८ चौरस मीटरचं टिन-शेड पक्कं बांधकाम म्हणून धरलं. कर झाला ६,३५०. त्यात सासूबाईंची शिलाई मशीन दिसली म्हणून १२ चौरस मीटरची ती खोली अनिवासी लिहिली आणि तिला समजा तिप्पट गुणांक लागला. कर ७,९०६. म्हणजे दर एका पैशानेही न वाढता बिल दीडपट झालं. लोक मात्र सगळा राग ‘टॅक्स वाढवला’ यावरच काढतात आणि ही अर्धी लढाई, जी जिंकता येते, ती मुदतीअभावी सोडून देतात.

सर्वेतल्या चुका ठरलेल्या असतात. इतक्या की फाइल उघडायच्या आधीच मी त्या शोधायला लागतो. बाहेरून मोजलेलं माप आतलं म्हणून चढवणं. वरून घेतलेल्या फोटोत छज्जा आणि सज्जा दोन्ही छपरात धरणं. चौरस फूट चौरस मीटरच्या रकान्यात पडणं (एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, ही चूक झाली तर आकडा इतका फुगतो की ती लगेच सापडते, तिची भीती नाही). जुन्या घरावर नवी खोली चढवली की अख्खं घर नवीन धरणं, ही मात्र पटकन दिसत नाही आणि महाग पडते. रिकामी पडलेली वरची खोली भाड्याने दिली असं लिहिणं. आणि घरातल्या घरात काहीतरी चार पैशांचं काम करणाऱ्या बायकांची खोली ‘दुकान’ होणं.

मागे एका सुनावणीत मालकाचं म्हणणं एवढंच होतं की पोर्चवर स्लॅब नाही, टिन आहे. त्यांनी माप, नकाशा, शेजाऱ्यांच्या सह्या, सगळं आणलं होतं. अधिकाऱ्याने संगणकावर त्यांचा इंडेक्स नंबर (मालमत्तेचा क्रमांक) टाकला, नोंद उघडली. सर्वेच्या वेळी काढलेला घराचा फोटो त्याच पानावर होता. फोटोत निळं टिन स्वच्छ दिसत होतं, त्यावर वाळत घातलेली चादर सुद्धा, आणि बाजूच्या रकान्यात छप्पर: आरसीसी. अधिकारी दोन मिनिटं काही बोलला नाही, मग बाबूला म्हणाला, “दुरुस्ती टाका.” त्या दिवशी बाकी एकही कागद बघावा लागला नाही. म्हणून सांगतो, हरकत लिहायच्या आधी आपल्या मालमत्तेचा नोंदीचा उतारा आणि सर्वेचा फोटो मागा. देत नसतील तर माहितीच्या अधिकारात मागा. त्यांच्याच कागदात त्यांचीच चूक दिसली की तुमचं अर्धं काम झालं.

हरकतीचा अर्ज एका पानाचा पुरे. त्यात महागाई नको, रस्ता नको, नगरसेवकाला शिव्या तर नकोच. इंडेक्स नंबर, नोटिशीची तारीख, आणि प्रत्येक चुकीची एक ओळ: नोंदीत काय आहे, खरं काय आहे, पुरावा कोणता. खोलीखोलीचं माप फितीने घ्या, हाताने साधं रेखाचित्र काढा, फोटो लावा. जुन्या घरासाठी सर्वात जुनी टॅक्स पावती किंवा लाइट मीटरच्या जोडणीची तारीख कामी येते. ग्रामपंचायतीच्या काळातली पावती असेल तर सोन्यासारखी जपा. नरसाळा-हुडकेश्वर २०१३ मध्ये महापालिकेत आलं, त्याच्या आधीचं घर ‘नवीन’ लिहिलं असेल तर ती पावतीच उत्तर आहे. शिलाईच्या खोलीबद्दल खरं ते लिहा: वेगळं दार नाही, बोर्ड नाही, दुकानाचा परवाना नाही, रात्री तिथेच झोपतात. रस्त्याकडे शटर उघडत असेल तर मात्र ती खोली निवासी म्हणून सांगू नका. त्याने बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचा विश्वास जातो.

मुदत नोटिशीवरच छापलेली असते, तिच्या आत अर्ज झोनला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. “ठेवून जा, बघतो” असं कोणी म्हटलं तर ठेवून जाऊ नका. सुनावणीला घरच्यांपैकी जो शांत बोलतो तो जावा. आदेश लेखी मागावा.

आदेश विरुद्ध गेला तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायाधीशांपुढे अपील आहे. पण त्याच्या अटी कडक आहेत. पंधरा दिवसांत दाखल करायचं, आधी हरकत घेऊन तिचा निकाल झालेला असायला हवा, आणि वादातली रक्कम आधी महापालिकेत जमा करायची. हरकतच घेतली नाही तर अपील उभंच राहत नाही. ‘कोर्टात बघून घेऊ’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं प्रकरण इथेच संपतं.

आता भरायचं की नाही. भरायचं. यावर मी कोणाशी वाद घालत नाही, हिशेब दाखवतो. थकबाकीवर शास्ती (दंड) महिन्याला २ टक्के लागते, म्हणजे वर्षाला २४. घराच्या कर्जाचं व्याज याच्या निम्म्याहूनही कमी असतं. लेआउटमधल्या सगळ्यांनी मिळून नाही भरलं तरी शास्ती प्रत्येकाच्या इंडेक्स नंबरवर वेगवेगळी चढते, आणि मोर्चाचं नेतृत्व करणारे ती वाटून घेत नाहीत. वर्षा-दोन वर्षांनी जप्तीचा हुकूमनामा निघतो, दारावर जप्तीची नोटीस लागते, तेव्हा प्रत्येक जण एकटाच झोनच्या पायऱ्या चढतो. अभय योजना अधूनमधून येते हे खरं, तिच्यात शास्तीचा मोठा भाग माफ होतो, त्यामुळे वेळेवर भरणाऱ्याला मूर्ख ठरल्यासारखं वाटतं हेही खरं. पण तिच्या भरवशावर घर चालवता येत नाही. योजना यायची तेव्हा येते, आणि मूळ कर तिच्यात माफ होत नाही.

एकरकमी झेपत नसेल तर लक्षात ठेवा, कायद्याने हा कर सहामाही आहे: पहिला हप्ता १ एप्रिलपासून, दुसरा १ ऑक्टोबरपासून. हरकत चालू असताना भरायचं असेल तर सोबत एक ओळीचं पत्र द्या की रक्कम हरकतीच्या अधीन राहून भरत आहे. हरकत मान्य झाली की जादा रक्कम पुढच्या बिलात वळती करून मागता येते. आगाऊ भरणाऱ्याला सूट असेल तर ती बिलावर लिहिलेली असते, तेवढी बघून घ्या.

“हा नवीन टॅक्स आला कुठून” याचं उत्तर थोडं मागे जाऊन द्यावं लागेल. नागपूरच्या सीमेवर जकात नाके होते तेव्हा शहराचा मोठा खर्च ट्रकवाला भरून जायचा आणि आपल्याला कळायचंही नाही. १ एप्रिल २०१३ ला जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला. ऑगस्ट २०१५ मध्ये एलबीटीही बहुतेक व्यापाऱ्यांवरून उठला, आणि २०१७ मध्ये जीएसटी आला. तेव्हापासून महापालिकेला राज्याकडून भरपाई मिळते, तिच्यात दरवर्षी ८ टक्के वाढ धरलेली आहे. म्हणजे महापालिकेने स्वतः वाढवावं असं जे थोडं तिच्या हातात उरलं, त्यात सर्वात मोठं नाव मालमत्ता कराचं. वरून पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला अट घातली की मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगाने वाढवून दाखवा, नाहीतर पैसे नाहीत. फेरसर्वेच्या मागे ही अट आहे, हे झोनचा बाबू तुम्हाला सांगणार नाही. कित्येकदा त्यालाही माहीत नसतं.

क्षेत्रफळावर आधारित ही पद्धत नागपुरात २०१५ पासूनची. कागदावर ती जुन्या भाड्याच्या पद्धतीपेक्षा न्याय्य आहे असं माझं मत आहे. जुन्यात दोन शेजाऱ्यांची एकसारखी घरं आणि कर एकाला दुप्पट, असं सर्रास असायचं, आणि आकडा निरीक्षकाच्या मर्जीवर चालायचा. नव्यात निदान तक्रार करायला एक सूत्र आहे. पण न्याय्य सूत्रात चुकीची मापं घातली की चुकीचंच बाहेर येतं, आणि ती मापं घ्यायला जे फिरले त्यांना घाई होती, हे घरोघरी दिसतं.

आणखी एक गोष्ट. तुमच्या बिलावरचा सगळा पैसा महापालिकेचा नाही. शिक्षण कर राज्याचा, महापालिका तो फक्त गोळा करून पाठवते. अनिवासी असेल तर रोजगार हमी उपकरही. म्हणूनच सासूबाईंची खोली अनिवासी झाली की एकाच ओळीत नव्हे, अनेक ओळींत आकडा उडी मारतो. पाण्याचं बिल वेगळंच, मीटरवर.

राग मला कळतो. तो खोटा आहे असं म्हणायला मी हे लिहीत नाही. २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री अंबाझरी तलावाच्या खालच्या वस्त्यांत ज्यांच्या फ्रिज-सोफ्यावरून पाणी गेलं, त्यांनाही त्या वर्षीचं बिल आलंच. सिमेंटचा रस्ता दर वेळी थोडा उंच होतो आणि घराचं जोतं खाली जातं, मग पहिल्याच पावसात अंगणात तळं. अशा माणसाला ‘सुविधांसाठी कर द्या’ म्हणणं जड जातं. आणि या करातली मूळ अडचण कोणी उघड बोलत नाही: तो घर बघतो, घरातली कमाई बघत नाही. ईपीएसची किमान पेन्शन २०१४ पासून महिन्याला १,००० रुपयांवर आहे. तुमच्या सासऱ्यांसारखे हजारो लोक कारखान्यांतून, मिलमधून निवृत्त झाले, प्लॉट स्वस्त होता तेव्हा घेतला, घर बांधलं. आज त्या प्लॉटची किंमत वाढली म्हणून ते कागदावर श्रीमंत आणि हातात हजार रुपये. घर विकायचं नसेल तर ती किंमत त्यांच्या कामाची नाही. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. तसं काही नागपूरच्या छोट्या घरांना, निदान पेन्शनवर जगणाऱ्यांना का नको, हा प्रश्न अगदी रास्त आहे. फक्त तो झोनच्या खिडकीवर विचारायचा नाही.

तो विचारायचा महापालिकेच्या सभागृहाला, म्हणजे निवडून आलेल्या नगरसेवकांना, आणि वेळेवर. कायद्याच्या कलम ९९ प्रमाणे पुढच्या वर्षाच्या करांचे दर महापालिकेने २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात. आपल्याकडे मोर्चे निघतात बिलं वाटून झाल्यावर, जून-जुलैत, जेव्हा दर कायद्याने पक्के झालेले असतात आणि आयुक्तही म्हणू शकतात, आता काही करता येत नाही. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षं सभागृहच नव्हतं, प्रशासक होते, तेव्हा विचारायचं कोणाला हाही प्रश्न होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर १५१ नगरसेवक परत आले आहेत. लेआउटच्या मोर्चाला माझा विरोध नाही. तो डिसेंबर-जानेवारीत स्थायी समितीकडे, तीन मागण्यांचं निवेदन घेऊन न्या: छोट्या स्वतः राहत्या घरांना सवलत, घरगुती शिलाई-शिकवणीच्या खोल्या निवासी धरणं, आणि सरकारी थकबाकीदारांची यादी जाहीर करणं. केंद्र सरकारच्या मालमत्तांना घटनेच्या कलम २८५ प्रमाणे कर लागत नाही, त्या फक्त सेवाशुल्क देतात. पण बाकीच्या बड्या थकबाकीदारांना ते संरक्षण नाही, आणि तुमच्या दारावर हुकूमनामा लावणाऱ्याला हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

महागाईचं थोडं बोलतो, कारण तुमच्या पत्रात ते आधी होतं. घरटॅक्स डोळ्यात खुपतो तो एका कागदावर, एका आकड्यात येतो म्हणून. वर्षाचे ६,००० म्हणजे महिन्याला ५००. तुमच्या घरात यापेक्षा मोठी गळती उन्हाळ्यात लाइट बिलात असते. २०० वॅटचा कूलर रोज १२ तास चालला की महिन्याला ७२ युनिट. मूळ वापर आधीच १०० युनिटांवर पोचला असेल तर ही सगळी ७२ युनिटं १०१ ते ३०० च्या महाग टप्प्यात जातात, त्यावर वहन आकार, त्यावर १६ टक्के वीज शुल्क. कूलर बंद करा असं नागपुरात मे महिन्यात कोणाला सांगणार! पण त्याची जुनी मोटर आणि पंप बदलून बघा, तिथे खरंच फरक पडतो. किराणा इतवारीतून महिन्याचा आणि भाजी कळमन्यातून दोन-तीन घरांनी मिळून आणणं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

शेवटी लेआउटचं. शेजारी म्हणत असतील की टॅक्स भरला की घर नियमित होतं, तर तसं नाही. टॅक्स पावतीने मालकीही सिद्ध होत नाही आणि अनधिकृत बांधकाम अधिकृतही होत नाही. गुंठेवारीत (मंजुरीशिवाय पाडलेले प्लॉट नियमित करायच्या कायद्यात) नियमित करायचं असेल तर त्याचा अर्ज, त्याचं डिमांड (पैसे भरायचं पत्र), त्याचं आरएल (नियमित झाल्याचं पत्र) वेगळं. उलट परवानगीशिवाय काढलेल्या वरच्या खोलीवर कलम २६७-अ ची शास्ती लागली आहे का, ते बिलावर आधी तपासा. ती ओळ असेल तर अडीचपटीचा मोठा हिस्सा तिथेच सापडेल. छोट्या निवासी घरांना शासनाने तिच्यात सवलत दिलेली आहे, तीही हरकतीच्या अर्जात नाव घेऊन मागा. बिलाच्या दोन्ही बाजूंची आणि नोटिशीची झेरॉक्स काढून ठेवा, आणि या आठवड्यात फीत घेऊन पोर्चपासून मोजायला लागा.